ड्रेस्डेनचा वजनकाटा

मार्टिन टायमार (जन्म १९७४) हे अंतराळयानांच्या प्रणोदनावर, म्हणजे यान पुढे ढकलणाऱ्या यंत्रणांवर, काम करणारे ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञ आहेत. व्हिएन्नाच्या तंत्रविद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट मिळवली, शहराजवळच्या झायबर्सडोर्फ येथील संशोधन केंद्रात अवकाश-प्रणोदनाचा विभाग सांभाळला आणि २०१२ पासून ते जर्मनीतील ड्रेस्डेनच्या तंत्रविद्यापीठात अवकाश-प्रणालींचे प्राध्यापक आहेत. त्यांच्या नावावर दोन अगदी वेगळ्या जातीची कामे आहेत. एक म्हणजे सुईच्या टोकावरून वितळलेल्या धातूचे आयन फेकणारी इवलीशी इंजिने. दुसरे म्हणजे वेगाने फिरणाऱ्या अतिसंवाहकाजवळ, म्हणजे थंड केल्यावर विद्युतरोध नाहीसा होणाऱ्या पदार्थाजवळ, गुरुत्वासारखे बल उमटते, हा २००६ साली गाजलेला दावा. हा दावा पुढे त्यांनी स्वतःच मोडीत काढला, आणि त्यानंतर इतरांचे असेच दावे एकेक करून तपासायला घेतले.

इंधनाचे ओझे

रॉकेट पुढे जाते ते मागे काहीतरी फेकून. कॉन्स्टान्टिन त्सिओल्कोव्स्की या रशियन शिक्षकाने १९०३ साली प्रसिद्ध केलेल्या समीकरणात या व्यवहाराचा सगळा जमाखर्च येतो. यानाला किती वेग मिळेल हे दोन गोष्टींवर ठरते: इंधन किती वेगाने बाहेर फेकले जाते, आणि निघतानाच्या एकूण वस्तुमानात इंधनाचा वाटा किती. गोम अशी की जास्त वेगासाठी जास्त इंधन लागते, आणि ते इंधन वाहून न्यायला आणखी इंधन लागते. वेग दुप्पट करायचा तर भरलेल्या आणि रिकाम्या यानाच्या वस्तुमानांचे गुणोत्तर वर्गाने वाढवावे लागते. पाचास एक असे गुणोत्तर असेल तर ते पंचविसास एक होते.

द्रव हायड्रोजन आणि द्रव ऑक्सिजन जाळणारी उत्तमातली उत्तम इंजिने सेकंदाला सुमारे साडेचार किलोमीटर वेगाने वायू बाहेर टाकतात. रासायनिक बंधांत याहून फारशी ऊर्जा नाहीच. व्हॉयेजर-१ आज सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने सूर्यापासून दूर चालले आहे, आणि तो वेगही त्याला बराचसा गुरू आणि शनी यांच्या गुरुत्वाकर्षणाने मिळवून दिला. त्या वेगाने ४.२४ प्रकाशवर्षांवरचा प्रॉक्झिमा सेंटॉरी हा सर्वांत जवळचा तारा गाठायला सुमारे ७५ हजार वर्षे लागतील.

यातून दोनच वाटा निघतात. फेकायच्या पदार्थाचा वेग वाढवायचा, ही पहिली. ती विद्युत प्रणोदनाकडे जाते आणि तिच्यात नियमाविरुद्ध काही नाही. दुसरी वाट म्हणजे काहीही न फेकता पुढे जायचे. ही वाट संवेगाच्या अक्षय्यतेच्या नियमाला (मागे काही गेल्याशिवाय पुढे जाता येत नाही, या नियमाला) थेट जाऊन भिडते, त्यामुळे बहुतेक अभियंते तिच्याकडे फिरकत नाहीत. फिरकतात त्यांतले बरेचसे हौशी असतात. तंत्रविद्यापीठात रीतसर प्राध्यापक असलेला, स्वतः चालू इंजिने बनवणारा माणूस दोन्ही वाटांवर दिसावा, हे विरळा.

सुईच्या टोकावरचे इंडियम

झायबर्सडोर्फच्या प्रयोगशाळेत द्रव धातूच्या आयन-स्रोतांवर टायमार यांच्या आधीपासून काम चालू होते. त्यातले तत्त्व सोपे आहे, कारागिरी मात्र अवघड. टंगस्टनची एक सुई घेतात. तिचे टोक काही मायक्रोमीटर त्रिज्येचे. सुई इंडियमच्या टाकीत बसवतात. इंडियम हा चांदीसारखा चकचकीत, मऊ धातू १५६.६ अंश सेल्सियसला वितळतो, म्हणून लहानसा हीटर पुरतो. वितळलेला धातू सुईच्या अंगावरून पातळ थराने टोकापर्यंत चढतो. मग सुई आणि समोरच्या कड्यात काही हजार व्होल्टचा दाब लावला की टोकावरचा थेंब ताणला जाऊन त्याचा शंकू होतो. पृष्ठताण आत ओढतो, विद्युतक्षेत्र बाहेर खेचते, आणि दोहोंचा मेळ बसतो तेव्हा शंकूचा अर्धा कोन ४९.३ अंशांचा असतो. १९६४ साली जेफ्री टेलर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने हे गणिताने दाखवले. शंकूच्या अग्राशी क्षेत्र इतके तीव्र होते की धातूचे अणू इलेक्ट्रॉन गमावून आयन होतात आणि सेकंदाला दहा किलोमीटरच्या अनेक पट वेगाने निघून जातात.

रेटा मात्र अगदी कमी. हा रेटा मायक्रोन्यूटनमध्ये मोजतात, आणि एक मायक्रोन्यूटन म्हणजे मिलिग्रॅमच्या दहाव्या भागाचे वजन. असे इंजिन जमिनीवरून काहीच उचलू शकत नाही. पण अवकाशात घर्षण जवळजवळ नसते आणि इंजिन महिनोन्‌महिने चालू ठेवता येते, त्यामुळे शेवटी जमा होणारा वेग लक्षणीय असतो. या स्रोतांचा पहिला उपयोग वेगळाच झाला. सूर्यप्रकाशामुळे उपग्रहावर धन विद्युतभार साठतो आणि त्यावरच्या मोजमापाच्या उपकरणांना गोंधळवतो. इंडियमचे धन आयन बाहेर सोडून हा भार उतरवता येतो. २००० साली सुटलेल्या युरोपच्या क्लस्टर उपग्रहांवर ही सोय होती. प्रणोदनासाठी याच घराण्यातले इंजिन जानेवारी २०१८ मध्ये पहिल्यांदा कक्षेत चालले. ते एन्पल्शन या ऑस्ट्रियन कंपनीचे होते आणि तशी शंभराहून अधिक इंजिने आज अवकाशात गेलेली आहेत.

या कामात हात बसलेल्या माणसाला एक कसब आपसूक येते, आणि पुढची सगळी कथा त्या कसबावर उभी आहे. काही मायक्रोन्यूटनचा रेटा आपल्या इंजिनाचा आहे की तापलेल्या तारेचा, हे सांगता येणे म्हणजे ते कसब.

गुरुत्व आणि थंड धातू

टायमार यांच्या दुसऱ्या कामाची मुळे अतिसंवाहकतेत आहेत. हायके कामरलिंग ऑनेस यांनी १९११ साली लायडन येथे पारा द्रव हेलियममध्ये थंड केला, तेव्हा ४.२ केल्विनच्या आसपास त्याचा विद्युतरोध एकाएकी नाहीसा झाला. अतिसंवाहकता सापडली ती अशी. १९३३ साली माइसनर आणि ओक्सेनफेल्ड यांना दिसले की अतिसंवाहक आपल्या अंगातून चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलतो. १९५७ च्या बार्डीन–कूपर–श्रीफर सिद्धांताने कारण दिले: इलेक्ट्रॉनांच्या जोड्या बनतात, आणि त्या अब्जावधी जोड्या एकाच पुंजस्थितीत, एका लयीत वागतात.

एवढा मोठा समुदाय एकाच लयीत वागत असेल तर तो गुरुत्वाकर्षणालाही काही वेगळा प्रतिसाद देईल का, हा प्रश्न भाबडा नाही. ब्राइस डिविट या नामवंत सैद्धांतिक शास्त्रज्ञाने १९६६ साली फिजिकल रिव्ह्यू लेटर्समध्ये तो रीतसर मांडला होता. मुळात आइन्स्टाइनच्या व्यापक सापेक्षतेत गुरुत्वालाही चुंबकत्वासारखी एक बाजू आहे. फिरणारे वस्तुमान आपल्याभोवतीच्या अवकाश-काळाला किंचित फरफटत नेते. योसेफ लेन्से आणि हान्स थिरिंग या दोघा व्हिएन्नावासीयांनी १९१८ मध्ये हे गणित केले. (ज्या एर्न्स्ट माख यांच्या जडत्वविषयक विचारांनी आइन्स्टाइन भारले गेले होते, तेही काही वर्षे व्हिएन्नातच प्राध्यापक होते. या विषयाचे व्हिएन्नाशी जुने नाते आहे.) मात्र हा परिणाम अतिसूक्ष्म आहे. अख्खी पृथ्वी फिरते तरी तिच्याभोवती फिरणाऱ्या आदर्श जायरोस्कोपचा (दिशा धरून ठेवणाऱ्या भोवऱ्याचा) अक्ष या कारणाने वर्षाला फक्त ३९ मिलिआर्कसेकंद सरकतो. एका अंशात असे ३६ लाख मिलिआर्कसेकंद बसतात. टेबलावर मावणाऱ्या कड्यापासून होणारा परिणाम मोजण्याच्या पलीकडचा.

अतिसंवाहकाबाबत शंकेला जागा दिली ती स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या एका मोजणीने. अतिसंवाहक फिरवला की त्याच्या आत आपोआप चुंबकीय क्षेत्र तयार होते. फ्रिट्झ लंडन यांच्या नावावरून त्याला लंडन आघूर्ण म्हणतात. त्याचे मूल्य फक्त फिरण्याच्या वेगावर आणि इलेक्ट्रॉनच्या वस्तुमान-भार गुणोत्तरावर ठरते. मिनिटाला ६,५०० फेऱ्यांना ते जेमतेम ८ नॅनोटेस्ला भरते, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राचा सहा हजारावा हिस्सा. हेच क्षेत्र उलट वापरून इलेक्ट्रॉनजोडीचे वस्तुमान काढता येते. जॅनेट टेट, ब्लास काब्रेरा आणि सहकाऱ्यांनी नायोबियमच्या फिरत्या कड्यावर ते काढले आणि १९८९ साली छापले. दोन सुट्या इलेक्ट्रॉनांच्या वस्तुमानाशी त्याचे गुणोत्तर सिद्धांतानुसार ०.९९९९९२ यायला हवे होते, आले १.००००८४. फरक दहा हजारात एकाहूनही कमी, पण प्रयोगाच्या चुकीच्या मर्यादेपेक्षा चौपट मोठा. पटेल असे स्पष्टीकरण कोणाला सुचले नाही.

टांपेरेची तबकडी

दरम्यान वेगळ्याच दिशेने एक वादळ येऊन गेले. १९८६ साली बेडनोर्ट्झ आणि म्युलर यांनी अतिसंवाहक सिरॅमिक पदार्थ शोधले, आणि वर्षभरात यिट्रियम–बेरियम–तांबे–ऑक्साइड हा सुमारे ९२ केल्विनलाच अतिसंवाहक होणारा पदार्थ हाती आला. महागड्या द्रव हेलियमऐवजी स्वस्त द्रव नायट्रोजनवर भागू लागले. १९९२ मध्ये फिनलंडच्या टांपेरे येथे काम करणारे रशियन अभियंते येवगेनी पोदक्लेत्नोव्ह यांनी लिहिले की अशा सिरॅमिकच्या १४५ मिलिमीटर व्यासाच्या तबकडीवर टांगलेल्या वस्तूचे वजन ०.०५ टक्क्याने घटते, आणि तबकडी फिरवली की ०.३ टक्क्यापर्यंत. १९९६ मध्ये त्यांचा दुसरा निबंध छापायच्या आधीच एका ब्रिटिश वृत्तपत्रात फुटला. तबकडी आता मोठी होती आणि दाव्यातली घट दोन टक्क्यांपर्यंत गेली होती. ‘गुरुत्वरोधक यंत्र’ असा गाजावाजा झाला, विद्यापीठाने हात झटकले आणि पोदक्लेत्नोव्ह यांनी निबंध मागे घेतला.

गाजावाजा विरला तरी कुतूहल राहिले. अमेरिकेतील हंट्सव्हिल येथे निंग ली आणि डग्लस टॉर यांनी १९९१ पासून फिजिकल रिव्ह्यूमध्ये अतिसंवाहकातील गुरुत्व-चुंबकीय परिणामांचे गणित मांडले होते. त्याच गावातल्या नासाच्या मार्शल केंद्राने स्थिर तबकडीवर चाचणी घेतली. १९९७ मध्ये निकाल आला: वजनातला कोणताही बदल असलाच तर तो दहा कोटीत दोन भागांहून कमी. २००३ मध्ये कॅनडात जॉर्ज हॅथवे आणि सहकाऱ्यांनी तबकडी फिरवून, तिला रेडिओलहरींच्या क्षेत्रात ठेवून प्रयोग केला. त्यांनाही काही सापडले नाही. एवढ्यावर हे प्रकरण मिटायला हरकत नव्हती. पण तबकडी नेमकी मूळ कृतीने भाजली नव्हती, वेग पुरेसा नव्हता, अशी पळवाट समर्थकांना नेहमीच सापडते.

याच सुमारास युरोपीय अवकाश संस्थेने टायमार आणि लिस्बनचे ओर्फेउ बेर्तोलामी यांच्याकडे एक अभ्यास सोपवला: गुरुत्वावर ताबा मिळाला असे मानले, तर प्रणोदनाला त्याचा किती फायदा? उत्तर निराश करणारे होते. यानाचे वजन नाहीसे केले तरी जडत्व उरते, आणि वेग द्यायला लागणारे इंधन जडत्वावर ठरते. जडत्वही कमी केले तर बाहेर फेकायच्या इंधनाचेही जडत्व जाते, आणि मग रेटा कशाचा? गुरुत्वरोधक हाती आला तरी रॉकेटे थोडीफारच सुधारतील, असा निष्कर्ष निघाला. विज्ञानकथांनी मनात बसवलेल्या चित्राला त्याने शांतपणे छेद दिला.

२००६ चे कडे

टेट यांच्या मोजणीतल्या फरकाकडे टायमार आणि युरोपीय अवकाश संस्थेतील क्लोव्हिस दे मातोस यांनी वेगळ्या नजरेने पाहिले. जोडीचे वस्तुमान खरोखरच वाढलेले नसेल, तर फिरत्या कड्यात गुरुत्व-चुंबकीय क्षेत्र निर्माण होऊन हिशोब बिघडला असेल, असा त्यांचा तर्क. हे क्षेत्र आइन्स्टाइनच्या गणिताहून कैक पटींनी मोठे असायला हवे होते. इतके मोठे, की प्रयोगशाळेत ते मोजता यावे.

झायबर्सडोर्फमध्ये १५० मिलिमीटर व्यासाचे नायोबियमचे कडे द्रव हेलियमने ९.२ केल्विनच्या खाली नेऊन मिनिटाला ६,५०० फेऱ्यांपर्यंत फिरवले गेले. चुंबकीय क्षेत्र बदलले की तारेत वीजप्रवाह निर्माण होतो. त्याच न्यायाने गुरुत्व-चुंबकीय क्षेत्र बदलले, म्हणजे कड्याचा वेग वाढवला किंवा घटवला, तर शेजारी ठेवलेल्या त्वरणमापकाला एक स्पर्शरेषीय धक्का जाणवायला हवा. धक्का नोंदला गेला. तो पृथ्वीच्या गुरुत्वीय त्वरणाच्या दहा हजाराव्या हिश्शाएवढा होता, आणि व्यापक सापेक्षतेच्या भाकिताहून एकावर वीस शून्ये इतक्या पटींनी मोठा. तीन वर्षांत अडीचशेहून अधिक वेळा कडे फिरवल्यावर आणि आठ महिने आपसात खल केल्यावर मार्च २००६ मध्ये युरोपीय अवकाश संस्थेने हे जाहीर केले. खर्चाचा काही वाटा अमेरिकी वायुदलाच्या संशोधन कार्यालयाने उचलला होता. निकाल इतरांनी पडताळून पाहावा, असे आवाहन जाहीर करतानाच केले गेले. मोठा दावा करणाऱ्याकडून ते अपेक्षितच असते, पण पाळले क्वचितच जाते.

पहिली पडताळणी न्यूझीलंडमधून आली. ख्राइस्टचर्चच्या कँटरबरी विद्यापीठाकडे डोंगराच्या पोटात बसवलेले महाकाय रिंग-लेसर आहेत. एकाच बंद मार्गावर विरुद्ध दिशांनी धावणाऱ्या दोन लेसर झोतांतल्या फरकावरून पृथ्वीच्या परिवलनातले बारीकसारीक चढउतारही ते टिपतात. अशा लेसरजवळ शिशाची अतिसंवाहक तबकडी फिरवली गेली. टायमार आणि दे मातोस यांच्या सूत्रानुसार जेवढा परिणाम दिसायला हवा होता, त्याचा विसावा हिस्साही दिसला नाही.

झायबर्सडोर्फमध्ये त्वरणमापकांची जागा प्रकाशतंतूंच्या जायरोस्कोपनी घेतली. संकेत येतच राहिले, पण त्यांचे वागणे विचित्र होऊ लागले. घड्याळाच्या दिशेने आणि उलट दिशेने फिरवल्यावर ते सारखे नसत. कड्याचा धातू बदलला, अगदी अतिसंवाहक नसलेले कडे वापरले, तरी ते येत. संशयाची सुई कड्यावरून हटून हेलियमकडे वळली. टायमार यांनी मग रचना नव्याने उभारली, कंपनांपासून जायरोस्कोप जास्त काटेकोरपणे वेगळे केले, नायोबियम, द्रव हेलियम आणि अतिप्रवाही हेलियम असे तिन्ही फिरवून पाहिले. २०११ साली त्यांनी छापलेला निष्कर्ष असा की उपकरणाच्या गोंगाटापलीकडे काहीच उरत नाही. आधीच्या संकेतांच्या मुळाशी यांत्रिक कंपने होती.

त्याच वर्षी ग्रॅव्हिटी प्रोब-बी या उपग्रहाचा अंतिम निकाल लागला. त्यात नायोबियमचा मुलामा दिलेले, पिंगपाँगच्या चेंडूएवढे क्वार्ट्झचे चार गोळे फिरत होते, आणि त्यांचा अक्ष वाचला जात होता तो लंडन आघूर्णावरूनच. गोळ्यांच्या डोलण्यात आधी आढळलेल्या विसंगतीत टायमार आणि दे मातोस यांना आपल्या परिणामाची खूण दिसली होती. प्रकल्पाच्या चमूने ती विसंगती मुलाम्यावरच्या स्थिरविद्युत डागांची असल्याचे दाखवले. अवकाश-काळाची फरफट वर्षाला ३७.२ मिलिआर्कसेकंद मोजली गेली, सात कमी-जास्त. भाकीत ३९.२ चे होते. आइन्स्टाइन जागेवर राहिले.

बादली आणि केबल

ड्रेस्डेनला आल्यावर टायमार यांनी जर्मन अवकाश संस्थेच्या मदतीने ‘स्पेसड्राइव्ह’ नावाचा प्रकल्प उभारला. इंधनाविना रेटा देते असे सांगितले जाणारे प्रत्येक यंत्र आणायचे, काट्यावर चढवायचे आणि काय भरते ते पाहायचे. काटा म्हणजे निर्वात कक्षातली पीळतुला. तिचा आडवा दांडा लवचीक आधारांवर क्षितिजसमांतर फिरतो, त्याचे सरकणे लेसरने मोजले जाते, आणि अचूकता नॅनोन्यूटनपर्यंत जाते. यंत्राला वीज द्यायला साधी तार लावली तर तारेचा ताठरपणाच दांडा ढकलतो. म्हणून वीज गॅलिन्स्टन या खोलीच्या तापमानाला द्रव असणाऱ्या मिश्रधातूच्या वाट्यांतून आत नेली जाते.

या काट्यावर चढलेले सर्वांत प्रसिद्ध यंत्र म्हणजे एमड्राइव्ह. ब्रिटिश अभियंते रॉजर शॉयर यांनी ते मांडले. बादलीच्या आकाराच्या, दोन्ही बाजूंनी बंद तांब्याच्या पोकळीत सूक्ष्मलहरी कोंडल्या की पोकळी एका दिशेला ढकलली जाते, असा दावा होता. बाहेर काहीच पडत नाही, म्हणजे संवेगाचा नियम मोडतो. तरीही नोव्हेंबर २०१६ मध्ये नासाच्या ह्यूस्टन केंद्रातील हॅरल्ड व्हाइट यांच्या गटाने एका मान्यवर नियतकालिकात किलोवॅटमागे १.२ मिलिन्यूटन रेट्याचा अहवाल छापला. नुसता प्रकाशझोत सोडणाऱ्या इंजिनाला किलोवॅटमागे ३.३ मायक्रोन्यूटन मिळतात. हा आकडा त्याच्या साडेतीनशे पटींहून मोठा होता.

ड्रेस्डेनमध्ये २०१५ च्या पहिल्या चाचणीतच रेटा दिसला, पण वीज बंद केल्यावरही तो लगेच थांबत नव्हता, आणि पोकळी अशा कोनात ठेवली की रेटा मुळीच येऊ नये, तरी येत होता. २०१८ मध्ये पोकळीत जाणारी शक्ती जवळपास शून्यावर आणली, तरी रेटा तेवढाच! मग तो पोकळीचा कसा असेल? वीज नेणाऱ्या केबलमधला प्रवाह आणि पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र यांच्यातली ती ओढाताण होती. २०२१ मध्ये शेवटचा धागा सुटला. व्हाइट यांच्या मापाची पोकळी बनवून तिच्यावर तसाच रेटा मिळवून दाखवण्यात आला. वीज सुरू झाली की पोकळी तापते, तिला धरणारे आधार प्रसरण पावतात, गुरुत्वमध्य किंचित सरकतो आणि काट्याचा शून्यबिंदूच हलतो. पोकळी वेगळ्या रीतीने टांगली आणि रेटा गेला. उरलेली कमाल मर्यादा तेवढ्याच शक्तीच्या प्रकाशझोताच्या रेट्याहूनही खाली होती.

दुसरे यंत्र कॅलिफोर्नियातील फुलर्टनच्या जेम्स वुडवर्ड यांचे. त्यात दाबविद्युत चकत्यांची चवड थरथरत असते. वस्तूचे जडत्व विश्वातल्या इतर सगळ्या वस्तुमानांमुळे येते, या माख यांच्या विचारावर ते आधारलेले आहे: ऊर्जा बदलताना चवडीचे वस्तुमान क्षणभर कमी-जास्त होत असेल, तर जड असताना ढकलायचे आणि हलके असताना ओढायचे. या यंत्राच्या गणितासाठी वुडवर्ड यांच्या सहकारी हायडी फर्न यांनी फ्रेड हॉयल आणि जयंत नारळीकर यांचा १९६४ चा गुरुत्वसिद्धांत वापरला. कोल्हापुरात जन्मलेल्या आणि पुढे पुण्यात आयुका उभारणाऱ्या नारळीकरांनी केंब्रिजमध्ये तरुणपणी केलेले ते काम. त्याचा इंजिनाशी मुळात काही संबंध नव्हता. यंत्राच्या पराभवाने सिद्धांताचे बरेवाईट ठरत नाही, हेही मराठी वाचकाने लक्षात ठेवलेले बरे. ड्रेस्डेनच्या काट्यावर वुडवर्ड यांच्या यंत्राचा रेटा कंपनांचा निघाला. चवडीची थरथर काट्याच्या आधारांत शिरून खोटा सरळ धक्का उमटवत होती.

त्यानंतर पुन्हा अतिसंवाहकांकडे. उच्च तापमानाच्या अतिसंवाहकातून तीव्र प्रवाहाचा झटका सोडला तर समोरच्या वस्तूला दुरून धक्का बसतो, असे पोदक्लेत्नोव्ह यांनी नंतरच्या काळात म्हटले होते, आणि फ्रान्सचे क्लोद पोएर यांनीही त्याच्याशी मिळताजुळता दावा केला होता. टायमार आणि त्यांचे सहकारी ऑलिव्हर नोयनत्सिग व मार्सेल क्योसलिंग यांनी यिट्रियमच्या सिरॅमिकमधून प्रवाह सोडून नॅनोन्यूटनच्या अचूकतेने बले मोजली. २०२२ मध्ये छापलेला निकाल: विद्युतचुंबकीय बलांचा हिशोब वजा केल्यावर शिल्लक काही नाही.

अशा कामावर पैसा का घालवायचा, हा आक्षेप अनेक भौतिकशास्त्रज्ञ घेतात, आणि त्यात तथ्य आहे. संवेगाचा नियम मोडत नाही हे माहीत असताना तो मोडला नाही हे दाखवायला प्रयोगशाळा कशाला? पण आक्षेप घेणाऱ्यांपैकी कोणी एमड्राइव्हच्या रेट्याचे खरे कारण शोधून काढले नव्हते, आणि ते सापडेपर्यंत नासाच्या नावावर तो आकडा फिरतच राहिला. शिवाय केबल, उष्णता आणि कंपने यांचे जे सापळे या प्रयोगांत उघडे पडले, तेच सापळे खऱ्या सूक्ष्म इंजिनांच्या मोजणीतही असतात. टेट यांच्या १९८९ च्या मोजणीतला फरक मात्र आजही सर्वमान्य स्पष्टीकरणाविना पडून आहे.

रेट्याच्या हिशोबात ड्रेस्डेनच्या नावे जमा आहे ते पहिल्या वाटेवरचेच. टायमार यांच्या संस्थेने गॅलियमवर चालणारे नॅनोफीप हे इंजिन बनवले. गॅलियम तर तीस अंशांच्या आतच वितळतो. अशी चार इंजिने वुर्त्झबुर्ग विद्यापीठाच्या यूडब्ल्यूई-४ या दहा सेंटिमीटर बाजूच्या, सुमारे किलोभर वजनाच्या उपग्रहाच्या कोपऱ्यांतल्या दांड्यांत बसवली गेली. उपग्रह डिसेंबर २०१८ मध्ये रशियातून सुटला. २०२० च्या जून-जुलैत अकरा दिवसांत त्याने या इंजिनांच्या जोरावर आपली कक्षा शंभर मीटरहून अधिक खाली आणली. नुसत्या विरळ हवेच्या घर्षणाने ती तेवढ्या काळात सुमारे २१ मीटर उतरली असती.